आमच्या अंगणातला पुढचा ॲक्सल

आमच्याकडे कुणी नवीन माणूस आला की आधी जीपकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "वहिनी, एवढी उंच कशाला?" एका वाक्यात सांगता आलं असतं तर मी कधीच सांगितलं असतं. पण एक गोष्ट सांगायला घेतली की तिला धरून दुसरी येते, दुसरीच्या मागे तिसरी. चहा संपतो, माणूस उठतो, चपला घालतो आणि मी आपली फाटकापर्यंत सांगतच जाते. शेवटी आमचे हे म्हणाले, "दर्शू, लिहून काढ. निदान पाहुण्यांची सुटका होईल!"

मी सातवीपर्यंत शिकलेली. लिहिण्यात कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. पण जे लिहिलंय ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालंय. म्हणजे अर्ध्या वेळा मी डोळे मिटून घेतले होते, ते सोडून!

आम्ही विरारजवळच्या चांदीपचे. पुढे अंगण, मागे भातशेती. आमचे हे वसईला एका कारखान्यात वेल्डर. घरात सासूबाई, मी आणि आमची पिहू, साडेचार वर्षांची. घर आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक ओहोळ आहे, त्यावर एक बुटका पूल, आम्ही त्याला मोरी म्हणतो. मागच्या पावसाळ्यात पिहूला ताप चढला आणि नेमकं त्याच दिवशी मोरीवरून पाणी. रिक्षावाला पलीकडे उभा, मी अलीकडे, पोरगी खांद्यावर. तो तिकडून ओरडतोय, "भाभी, नहीं होगा!" दुपारपर्यंत पाणी हललं नाही. मी नुसत्या ओल्या पट्ट्या बदलत बसले. संध्याकाळी पोरीचा ताप उतरला, माझी धडधड मात्र उतरली नाही.

महिन्याभरात ह्यांनी एक जुनी फोर-व्हील जीप आणली. म्हणाले, "हिला उंच करतो, मोठी चाकं लावतो. मोरीवर पाणी असलं तरी पिहू डॉक्टरकडे पोचणार!"

मी म्हटलं, "करा. पण माझी खात्री पटल्याशिवाय पोरगी त्यात बसणार नाही."

"आणि तुझी खात्री कधी पटणार?"

"ते मलाही माहीत नाही!"

*

कामाला तीन माणसं. एक आमचे हे. दुसरा आग्नेल, ह्यांच्याच कारखान्यातला, वसईगावचा. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून तसाच इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात यायचा आणि "आज फक्त बघायला आलोय" म्हणायचा. दहा मिनिटांत शर्टावर ग्रीस. त्याची बायको मला फोन करून सांगायची, "वहिनी, ते आले की पहिला त्यांचा शर्ट काढून घ्या!"

तिसरा प्रमोद, ह्यांचा शाळेतला मित्र. राहायला विरारला फुलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर. तिकडे पाना ठेवायलासुद्धा जागा नाही, म्हणून गाडीची सगळी हौस आमच्या अंगणात. नोकरी कॉम्प्युटरवरची, त्यामुळे हाताला काळं लावून घ्यायचा नाही. पण माहिती सगळी त्याच्याकडे! मोबाईलवर कुठले कुठले व्हिडिओ बघून यायचा आणि बादली उलटी घालून त्यावर बसून सांगायचा, "अमेरिकेत हे काम असं करतात."

एकदा आग्नेल जीपखालून ओरडला, "अमेरिकेला विचार, चौदाचा पाना कुठे ठेवलाय!"

पाना प्रमोदच्या बादलीखालीच होता.

*

जीप उंच करायची म्हणजे नुसती मोठी चाकं लावून भागत नाही, हे मला तेव्हा कळलं. पुढची दोन चाकं ज्या जाड लोखंडी दांड्याच्या टोकांना असतात तो पुढचा ॲक्सल. आमच्या जीपमध्ये लोखंडी पाट्यांची स्प्रिंग ॲक्सलच्या खाली होती. ती आता ॲक्सलच्या वर बसवायची, म्हणजे जीप आपोआप उंच. त्यासाठी ॲक्सल सोडवून बाहेर काढायचा, स्प्रिंग जिच्यावर टेकते त्या जुन्या बैठका कापायच्या, नव्या वरच्या बाजूने वेल्ड करायच्या.

पहिल्या रविवारी तो ॲक्सल बाहेर आला आणि अंगणात आडवा पडला. दांड्यावर एका बाजूला मोठा लोखंडी गोळा, आत गिअर. सासूबाई काठी टेकत आल्या, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "एवढा मोटा भोपला कोनी आनला गो?"

झालं. त्या दिवसापासून त्याचं नाव भोपळा. हे भोपळा म्हणायला लागले, आग्नेल भोपळा म्हणायला लागला. प्रमोद पहिले दोन रविवार "डिफरन्शियल" म्हणत होता, तिसऱ्या रविवारी तोही भोपळ्यावर आला.

पुढे एकदा गिअरचं ऑइल आणायला प्रमोदला विरारला पाठवलं. सवयीने दुकानात बोलून गेला, "भोपळ्याचं ऑइल द्या." मग स्वतःच लाजला. दुकानदाराने मानही वर केली नाही. म्हणाला, "पुढच्या भोपळ्याचं की मागच्या?"

*

आता माझ्या भीतीचा किस्सा.

जीप जॅकवर चढवलेली असायची आणि आमचे हे खाली सरपटत जायचे. बाहेर फक्त पाय. मी भाजी चिरत असले तरी एक डोळा त्या पायांवर. पाय हलले नाहीत की हाक मारायची.

"अहो!"

"काय?"

"काही नाही."

दोन मिनिटांनी परत. "अहो!"

"दर्शू, मी जिवंत आहे! जेवायला झालं की हाक मार."

जॅकवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तेल भरलेली ती एवढीशी बाटली, आणि तिच्यावर एवढी जीप! ह्यांचे लोखंडी स्टँड होते, पण ते मागच्या बाजूला लावलेले. पुढच्यासाठी म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे, जॅक पुरे." पडवीत आमचा भात झोडायचा ओंडका होता, सागाचा, सासऱ्यांच्या वेळचा. तो लोळवत आणला आणि जीपच्या चासीखाली, म्हणजे बुडाच्या लोखंडी सांगाड्याखाली, सरकवला. त्याच्यावर दोन फळ्या. तरी चार बोटं फट राहिली, म्हणून वर पिहूचा लाकडी पाट.

आग्नेल पोट धरून हसला. "वहिनी, झोडणी काढली काय जीपखाली?"

प्रमोद म्हणाला, "वहिनी, हा जॅक तीन टनाचा आहे."

मी म्हटलं, "असू दे. ओंडका किती टनाचा ते त्यालाही माहीत नाही."

तासाभराने जॅकच्या बुडातून तेलाची एक रेघ निघाली. कुणी बघितली नाही. जीप बसत बसत आली आणि टक् असा आवाज झाला. एवढाच. पाट चेपला, फळी करकरली, ओंडका जागचा हलला नाही. ह्यांची छाती आणि चासी यांच्यामध्ये वीतभर जागा उरली होती.

हे हळूहळू सरपटत बाहेर आले. आग्नेलने छातीवर क्रूस केला. मी तोंडाला पदर लावून उंबऱ्यात उभी. ह्यांनी हात धुतले, चहा मागितला, अख्खा कप प्यायले, कप खाली ठेवला आणि मग म्हणाले,

"दर्शू, दुसरा ओंडका आहे का?"

*

वेल्डिंग सुरू केलं की आमच्या पाड्यातल्या सगळ्यांची लाइट डुलायची. पंखे मंद, टीव्ही लुकलुक. पलीकडच्या सुगंधाकाकी पहिल्याच दिवशी मिक्सरचं भांडं हातात घेऊन ह्यांच्यापुढे आल्या. "दिन्या, माझी चटणी अर्धी वाटून अडकली! आता ही अर्धी चटणी तू खाणार का?"

आमचे हे शब्दाचे पक्के. म्हणाले, "काकी, ह्यापुढे वेल्डिंगच्या आधी इशारा देतो." मग ठरलं की मी ओट्यावर उभी राहून पितळेचं ताट बडवायचं. ताट वाजलं की बायकांनी मिक्सर, फ्रिज बंद करायचे आणि पोरांनी ठिणगीकडे बघायचं नाही. पिहूला मी आत नेऊन खिडकीवर गोधडी लावायची. परत ताट वाजलं की सगळं चालू.

आग्नेलला फार आवडलं. "आमच्याकडे चर्चची बेल, तुमच्याकडे वहिनीचं ताट!"

तीन रविवार सगळं शिस्तीत चाललं. चौथ्या रविवारी वेल्डिंग नव्हतंच. मटण शिजलं होतं, हे तिघे पानं थंड करत बाहेर गप्पा मारत होते. पाच हाका मारल्या, एक उठेना. मला राग आला, मी तेच ताट घेतलं आणि जोरात बडवलं.

अख्ख्या पाड्यातले पंखे बंद! भर उन्हाचं, क्रिकेटची मॅच चालू असताना! अर्ध्या तासाने सुगंधाकाकी पदराने वारा घेत आल्या. "काय रे दिन्या, झालं का नाही तुझं वेल्डिंग?"

हे नळी चोखत होते.

*

मी अंगण झाडते, सारवते, धुते. त्यामुळे अंगणातलं मला जे कळतं ते ह्या तिघांना कळत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

एकदा चाकाच्या मधला एक मोठा नट हरवला. तो लावल्याशिवाय चाक बसेना. तिघे रांगत होते. प्रमोद मोबाईलचा टॉर्च लावून, तोही सकाळी दहा वाजता! आग्नेल म्हणत होता दिनेशच्या खिशात आहे, हे म्हणत होते आग्नेलने ढापला. तासभर झाला.

मी भांडी घासता घासता म्हटलं, "जांभळीच्या बुंध्याशी बघा."

तिथेच होता! शिवाय जांभळीच्या मुळांत दोन वॉशर, एक बेअरिंगची गोळी आणि पिहूचा गेल्या वर्षीचा रबरी बॉल.

"वहिनी, तुम्हाला कसं कळलं?"

"झाडू मी मारते."

पिहूचा नवा लाल बॉलही रोज तसाच. ओट्यावरून सुटला की जीपच्या खालून थेट जांभळीकडे. पोरगी मागे धावायची आणि मी पोरीच्या मागे. शेवटी काम चालू असताना बॉल माझ्या कमरेला, साडीच्या ओच्यात! तिन्ही पुरुषांना वाटायचं माझं पोट दुखतंय.

*

बैठका वेल्ड करायच्या दिवशी प्रमोद सकाळपासून एकच शब्द घोकत होता. कॅस्टर. "कॅस्टर चुकला की खेळ खलास." मी विचारलं, म्हणजे काय? त्याने पाऊण तास समजावलं. तीन व्हिडिओ दाखवले. मला एवढंच कळलं की व्हिडिओतल्या माणसाला दाढी आहे.

आग्नेल उठला, ह्यांची सायकल आणली. "वहिनी, हा पुढच्या चाकाचा चिमटा बघा. सरळ उभा आहे का?"

"नाही, जरा मागे रेललाय."

"तो रेललेला आहे म्हणून सायकल सरळ चालते. वळलात तरी हँडल आपोआप जागेवर येतं. जीपच्या पुढच्या चाकांचंही तसंच, ॲक्सल थोडा मागे कललेला लागतो. थोडासाच. तो कल म्हणजे कॅस्टर."

अर्ध्या मिनिटात कळलं! मी म्हटलं, "म्हणजे कोन मोजायचा. थांबा." आत गेले, ट्रंकेतून माझी शाळेची कंपासपेटी आणली. त्यात कोनमापक अजून आहे. सातवीनंतर कंपासपेटी कुणाला द्यायची हिंमत झाली नव्हती.

प्रमोद गोड हसला. "वहिनी, ठेवा ते. मोबाईलमध्ये ॲप आहे. नुसता ॲक्सलवर टेकवायचा."

त्याने टेकवला. आकडा आला. हवा तेवढा कल बरोब्बर होता, काही फिरवावंसुद्धा लागलं नाही! प्रमोद टाळ्या वाजवत म्हणाला, "नशीब बघा, ॲक्सल आपोआप बसला!"

मी ताट वाजवलं, ह्यांनी वेल्ड मारलं.

*

पहिली ट्रायल. जीप काय उंच दिसत होती! सासूबाईंनी नारळ फोडला. हे चालवायला, शेजारी प्रमोद. मी पिहूचा हात घट्ट धरून ओट्यावर. ती रडत होती, "मला पण!" मी म्हटलं, "नाही."

वीस मिनिटांनी परत आले. प्रमोदचा चेहरा धुतलेल्या तांदळासारखा पांढराफटक. उतरला आणि आधी जांभळीला टेकून उभा राहिला.

"काय झालं?"

हे म्हणाले, "काही नाही. जरा हलते."

"जरा?" प्रमोदचा आवाज फाटला. "वहिनी, चाळीसच्या वर गेलो की स्टिअरिंग अंगात आल्यासारखं घुमतं! वळवलं की वळलेलंच राहतं, परत येत नाही. समोरून टेम्पो आला तेव्हा मी आईला फोन लावला होता!"

मग तीन रविवार नुसती भांडणं. प्रमोद म्हणायचा वेल्ड वाकडं. आग्नेल म्हणायचा, "माझ्या हाताच्या बैठकीला नाव ठेवायचं नाही, तुझं ॲप फुकटातलं आहे!" सगळे जॉइंट बदलून झाले, चाकांत हवा कमीजास्त करून झाली. ॲपवर परत मोजलं, कल बरोब्बर! आणि रस्त्यावर गेलं की थरथर. मे संपत आला. मी येता-जाता मोरीकडे बघायची. हे रात्री जेवायचे नाहीत नीट. एकदा म्हणाले, "विकून टाकू का?" आणि पिहूकडे बघत राहिले.

*

त्या रविवारी तिघे जीपभोवती तोंडं पाडून बसले होते. मी तांदूळ निवडत होते. पिहूने ओट्यावरून बॉल सोडला. बॉल गेला जीपच्या नाकाखालून, शेपटाखालून, थेट जांभळीला.

पिहू म्हणाली, "आई, बॉलला जांभूळ आवडतं?"

मी म्हटलं, "नाही गं, तिकडे उतार आहे. आजोबांनी मुद्दाम ठेवलाय, पावसाचं पाणी घरात येऊ नये म्हणून..."

आणि माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

जीपचं नाक घराकडे होतं. म्हणजे वर. शेपूट जांभळीकडे. म्हणजे खाली. सगळी जीपच मागे रेललेली!

मी कंपासपेटी आणली. कोनमापकाच्या मधल्या भोकात दोरा ओवला, दोऱ्याला तोच हरवलेल्यातला वॉशर बांधला, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. आधी जीपच्या चासीला लावला. मग ॲक्सलला लावला. दोन्हीकडे दोरा एकाच रेघेवर!

मला बोलायला भीती वाटत होती. तीन शिकलेली, कमावती माणसं बसलेली. तरी बोलले. "अहो, चासी जेवढी कललीय तेवढाच ॲक्सल कललाय. म्हणजे हा कल ॲक्सलचा नाहीच. अंगणाचा आहे. सपाट रस्त्यावर गेलं की कल संपला."

आग्नेलने सायकलकडे बघितलं. ह्यांनी अंगणाकडे बघितलं, जसं काही जन्मल्यापासून पहिल्यांदाच बघतायत. प्रमोदने मोबाईल खिशात ठेवला आणि बारीक आवाजात म्हणाला,

"ॲपमध्ये अंगणाचा ऑप्शन नव्हता, वहिनी."

*

आता सपाट जागा हवी. गावात सपाट जागा शोधणं म्हणजे काय असतं, ते आम्हाला विचारा! प्रमोदच्या ॲपवरून सगळ्यांचा विश्वास उडालेला, त्यामुळे मोजायला पिहूचा बॉल. पुढे पिहू, मागे हे, मागे आग्नेल पांढऱ्या शर्टात, शेवटी प्रमोद.

देवळापुढे ठेवला, बॉल पळाला. शाळेच्या पटांगणात ठेवला, पळाला. शेवटी भातगिरणीच्या कोब्यावर ठेवला, आणि बॉल जागच्या जागी! तिघांनी पिहूला उचलून नाचवलं.

गिरणीवाले तात्या कोंड्याने माखलेले बाहेर आले. "काय रे, एवढी मोठी माणसं, बॉल थांबला म्हणून नाचताय? पळाला असता तर काय केलं असतंत?"

गिरणीच्या कोब्यावर त्यांनी बैठका कापल्या, कल परत दिला, परत वेल्ड मारलं. ह्या वेळी माझ्या कोनमापकाने. प्रमोद दोरा धरून बसला होता, श्वाससुद्धा न घेता.

*

दुसऱ्या ट्रायलला मी बसले. पोरीच्या आधी मी. मांडीवर पाण्याचा काठोकाठ तांब्या घेतला, जीप थरथरली तर कळावं म्हणून. हे म्हणाले, "दर्शू, अगं, खड्ड्यांनी पण सांडेल." मी म्हटलं, "तुम्ही पुढे बघा."

चाळीस झाले. पन्नास झाले. वळणावर ह्यांनी स्टिअरिंग जरा सैल सोडलं आणि ते लोण्यासारखं फिरून जागेवर आलं. जीप सरळ, चाकं सरळ, ह्यांचा चेहरा तर असा खुललेला की लग्नातही तेवढा नव्हता.

आणि मी गळ्यापासून पायापर्यंत चिंब!

"बघ! हलली का जीप?"

"नाही."

"मग पाणी कसं सांडलं?"

"जीप नाही हलली. तांब्या माझ्या हातात होता ना!"

*

आता शेवटचा. हा झाला ह्याच जुलैमध्ये.

पिहूचा कान ठणकायला लागला, मग ताप. सकाळचे नऊ. बाहेर तीन दिवसांची झड, आणि मोरीवर पाणी. मला मागचं वर्ष आठवलं.

मोरीच्या टोकाला ह्यांनी एक खांब रोवलाय, त्यावर पांढरे पट्टे. आमचं ठरलंय, वरचे दोन पट्टे दिसले तरच जीप घालायची, नाही तर नाही, कोणी कितीही रडलं तरी! हे छत्री घेऊन बघून आले. दुसरा पट्टा अर्धा पाण्यात. हे म्हणाले, "थांबायचं." एरवी मी घाबरते आणि हे निघतात. त्या दिवशी मी निघायला उभी आणि हे थांबले होते. तासाभराने पाऊस जरा ओसरला, पट्टा पूर्ण दिसला.

"बसव पोरीला," हे म्हणाले.

मी जीपकडे बघितलं. ओंडका आठवला, टक् आवाज आठवला, प्रमोदचा चेहरा आठवला, दोरा आठवला. पिहूला उचललं आणि आत बसले. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "पानी बघून जा रे!"

मोरीवर चाकांना पाण्याने ढकललं ते मला बुडाखाली जाणवलं. ह्यांनी फोर-व्हील टाकली. पुढचा भोपळा घुर्र करून ओढायला लागला. मी पिहूचे डोळे झाकले होते, माझे उघडे होते. ह्या वेळी मी सगळं बघितलं. स्टिअरिंग ह्यांच्या हातात निवांत होतं. एक, दोन, तीन... आणि डांबर लागलं.

पलीकडे तोच रिक्षावाला टपरीत चहा पीत होता. त्याने ग्लास वर केला. "भाभी, हो गया!"

मी हसले की रडले, ते ह्यांना विचारा. ते म्हणतात दोन्ही.

डॉक्टरांनी कान तपासला, औषध दिलं, म्हणाले, "वेळेवर आणलंत, आता काळजी नाही." मी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते, हे भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते.

तेवढ्यात पिहू खुर्चीवरून खाली उतरली. एक हात कानावर, दुसरा फ्रॉकच्या खिशात. लाल बॉल काढला आणि दवाखान्याच्या मधोमध लादीवर ठेवला. उकिडवी बसून बघत राहिली. बॉल हलला नाही.

डॉक्टर लिहायचे थांबले. "काय बघतेस, बाळ?"

पिहूने मान वर केली, दवाखान्याच्या चारी कोपऱ्यांत एकदा नजर फिरवली आणि ह्यांना म्हणाली,

"पप्पा, आग्नेलकाकांना बोलवा. इथे चालेल!"